दुखणं करायचं तर अब्रूदार करा

आजारी पडायला हरकत नाही. फक्त पडण्याआधी औषध कुठलं लागणार, याची चौकशी करून घ्या. मधुमेह घ्या, रक्तदाब घ्या. त्यांच्या गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी ऐटीत बसतो आणि पाहुणेसुद्धा "तुमची किती मिलीग्रॅमची?" असं आपुलकीनं विचारतात. पण ज्या दुखण्याला गांजाच्या कुळातलं औषध लागेल, ते दुखणं चांगल्या घरात शोभत नाही. त्यापेक्षा सहन करा. सहनशीलतेचं कौतुक होतं, तेराव्याला भाषणातही येतं.

आमच्या आत्यानं ही चौकशी केली नव्हती. केमोनंतर तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरेना. उलट्यांच्या नेहमीच्या गोळ्या हरल्या, तेव्हा वैद्यांनी विजयेचं, म्हणजे गांजाच्याच झाडाचं, तेल लिहून दिलं. रीतसर चिठ्ठी, परवान्याचं उत्पादन, कॅन्सरच्या डॉक्टरांच्याही कानावर घातलेलं. बाटली करंगळीएवढी, पण तिच्यावर ते प्रसिद्ध पान छापलेलं, पंजासारखं. आतोबांनी आधी काय केलं असेल? बाटली कोमट पाण्यात बुडवून नखानं लेबल खरवडलं. तेवढ्यानं धीर येईना म्हणून वरून चिठ्ठी चिकटवली: 'ओव्याचा अर्क'. मग ड्रॉपर आत्याच्या हातात दिला. हा क्रम पाठ करा. आधी लेबल, मग रुग्ण.

त्या रात्री तिनं मऊ भाताचे चार घास खाल्ले आणि ते राहिले. ही बातमी कुणाला सांगायची सोय नव्हती.

वनस्पतिशास्त्राचीही थोडी तयारी ठेवा, कारण 1985च्या अमली पदार्थ कायद्यानं या एका झाडाच्या वाटण्या करून ठेवल्यात. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा, चीक म्हणजे चरस, दोन्हीला तुरुंग. शेंड्याविना नुसतं पान असेल तर ती भांग, ती या कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. तिचं काय करायचं ते राज्यानं बघावं. आणि बी? 2021 पासून अन्न म्हणून रीतसर मान्य, पाकिटातून विकत मिळतं. तेव्हा देवानं कधी विचारलंच, झाडाचा कुठला भाग लागू पडेल असं दुखणं देऊ, तर गडबडीत शेंडा मागू नका. बी मागा. वेदनेला उपयोग नाही, पण पोलीस येत नाहीत.

त्याच कायद्यात वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोगासाठी एक दार ठेवलंय आणि परवानगी देण्याचा अधिकार राज्यांकडे सोपवलाय, असं कुणी जाणकार सांगेल. ऐकून घ्या, मान डोलवा. ज्या 1985 साली आपण हा कायदा केला, त्याच वर्षी अमेरिकेत केमोच्या उलट्यांवर एक गोळी मंजूर झाली. आत गांजातला नशेचाच घटक, फक्त प्रयोगशाळेत बनवलेला. पण तो तिथला प्रश्न. तिथे आतोबा नसतात.

औषधी नशाच हवी असेल तर आपल्याकडे दारू आहे, राजरोस. 1949चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही जिवंत आहे आणि पिण्याचा परवाना मिळतो तो चैनीसाठी नव्हे, 'आरोग्य राखण्यासाठी आणि टिकवण्यासाठी'. शनिवारी रात्री बारमध्ये जो आरडाओरडा चालतो, तो कागदोपत्री उपचार आहे. वयाची पंचवीस वर्षं पूर्ण करा आणि प्रकृतीला लागा.

कुणी इतिहास काढलाच तर विषय बदला. 1839 साली कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरानं आपल्याच लोकांकडून हे औषध शिकून धनुर्वाताच्या झटक्यांवर वापरलं, लिहून ठेवलं आणि विलायतेला कळवलं. पुढे 1893-94 साली इंग्रजांच्या आयोगानं 1,193 साक्षीदार तपासले आणि माफक सेवनानं विशेष अपाय होत नाही, बंदी नको, असा निर्वाळा दिला. आपण मात्र 2020 साली टीव्हीसमोर बसून अमली पदार्थांच्या तपासातले नट्यांचे मोबाइलवरचे निरोप वाचत होतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचं ठरलं. 27 विरुद्ध 25. त्या 27 मध्ये भारत होता. ही गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, उगाच देशाची बदनामी होते.

ग्रुपवर टाकायचंच असेल तर ते दुसरं टाका: 'या झाडानं कॅन्सर मुळापासून बरा होतो, डॉक्टर लपवतात.' ते खपतं. हे झाड काही थोड्या दुखण्यांत उपयोगी पडतं, बऱ्याच ठिकाणी नाही, तरुण डोक्याला अपायही करतं, असलं अळणी सत्य कोण पुढे पाठवणार? आपल्याला झाड एक तर राक्षस हवं, नाही तर संजीवनी. उलटी थांबवून दोन घास पोटात ठेवणारं नुसतं औषध कुणालाच नको. आत्या सोडून.

धुळवडीला आमच्या सोसायटीत थंडाईचं पातेलं निघालं. सेक्रेटरींनी स्वतः घोटलेली, हिरवट, वर पिस्ते. तीन पेल्यांनंतर ते कठड्याला टेकून हसत होते, मग हसू आवरून हल्लीची पोरं कशी चरसी झालीत यावर बोलू लागले. आतोबांच्याही हातात पेला आला. नाही कसं म्हणणार, परंपरा आहे. खिडकीत बसलेल्या आत्याकडे बघून सेक्रेटरी ओरडले, "काकू, येता का? प्रसाद आहे!"

आत्यानं हसून हात हलवला. तिची दुपारची वेळ झाली होती. आतोबा पेला खाली ठेवून वर आले, पडदा ओढला आणि ओव्याच्या अर्काची बाटली काढली.