आईच्या वारीच्या पिशवीतली गोळ्यांची पाकिटं

आई वारीवरून आली तेव्हा पाय सुजलेले होते, आम्हाला वाटलं चालून सुजले असतील, पण दोन दिवसांत उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) २.८ आलं. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, पेनकिलर किती घेतल्या? पिशवीतून डायक्लोफेनॅकची तीन रिकामी पाकिटं निघाली. दिवे घाट चढून गुडघे ठणकायला लागले म्हणून वाटेतल्या एका मेडिकलमधून घेतलेली, चिठ्ठी कुणी विचारली नाही, मग रोज दोन.

तर झालं काय, की सूज आणि ठणका आणणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन ही गोळी शरीराला बनवूच देत नाही, म्हणून एवढा पटकन आराम पडतो. पण पोटाचं अस्तर तेच सांभाळतं आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठाही तेच टिकवतं. आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी आधीपासून चालू, त्यात ऊन, आणि टॉयलेटला जायची अडचण नको म्हणून ती आणि तिच्या दिंडीतल्या बायका मुद्दाम पाणीच कमी पितात!! हे मला आत्ता कळलं, घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. सगळं एकदम किडनीवर आलं.

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पाळीच्या पहिल्या दिवशी मी स्वतः जेवून याच जातीची आयब्युप्रोफेन घेते, पोटात कळा त्याच प्रोस्टाग्लँडिनमुळे येतात त्यामुळे ती तिथे खरंच काम करते. एक-दोन दिवस, बास. पण डायक्लोफेनॅक शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, आणि आपल्याकडे ते "अंगदुखीची साधी गोळी" म्हणून मिळतं याचा मला फार राग आहे. बीपी, किडनी, हार्टचा त्रास किंवा अल्सर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शौचाला काळं झालं तर पोटात रक्तस्राव असू शकतो, थेट दवाखाना.

आणि आत्ता पावसाळ्यात घरोघरी ताप आहे म्हणून सांगते, कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असतं. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नुसती पॅरासिटामॉल, तीही ठरलेल्या डोसमध्येच.

आईचं क्रिएटिनिन आता १.३ वर आलंय. पुढच्या वर्षी जाणारच म्हणते. तिच्या चालू गोळ्यांची नावं लिहिलेला कागद मी लॅमिनेट करून पिशवीत शिवून टाकलाय, मेडिकलवाल्याला आधी तो दाखवायचा असं तिच्याकडून वदवून घेतलंय.