दत्तकाचा हुकूम हातात आहे, तरी मुलगी अजून परदेशी नागरिकच

डोकं फिरलंय आज, म्हणून सगळं एका दमात लिहितेय. मुलीला घरी आणून सात महिने झाले. तिकडच्या कोर्टाचा दत्तकाचा हुकूम हातात आहे, त्यावर आई म्हणून माझं नाव आहे, आणि आज तिच्या नागरिकत्वाच्या अर्जासाठी गेले तर तिसऱ्यांदा काउंटरवरून परत पाठवलं, कारण काय तर हुकुमाच्या कोपऱ्यातली पिन काढलेली दिसते! मीच काढली होती, स्कॅन करताना पान सरळ बसावं म्हणून. कागदाला दोन बारीक भोकं पडलीत, त्यांच्यावर बोट ठेवून ती बाई म्हणाली, अपोस्टिलचं पान (हुकूम अस्सल आहे हे दुसऱ्या देशात दाखवायला जोडतात ते प्रमाणपत्र) हुकुमापासून सुटं झालं, आता हे धरता येणार नाही, नवीन आणा. नवीन म्हणजे परत त्या देशातून नक्कल काढा, परत अपोस्टिल, परत भाषांतर, परत नोटरी. चेकलिस्टची चार पानी प्रिंट दिलीत ना हातात, त्यात "पिन काढू नये" एवढी एक ओळ टाकायला काय जात होतं?

आणि पिनेचं सोडा, खरा संताप वेगळाच आहे. दत्तक आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सुरुवातीला कुणीच धड सांगत नाही. एजन्सीवाल्यांनी दोन वर्षं नुसतं हेग करार, हेग करार लावलं होतं. परदेशातून मूल दत्तक घेण्याबद्दलचा 1993 चा करार, शंभरावर देश त्यात, मान्य. एका देशात करारानुसार झालेलं दत्तक बाकीच्या सदस्य देशांनी मानायचं, कलम 23 प्रमाणे तसं सर्टिफिकेटही मिळतं. पण नागरिकत्वाचं त्यात काहीच ठरवलेलं नाही! ते ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलंय. म्हणजे मूल कायद्याने तुमचं, पण तुमच्या देशाचं आहे का ते दुसऱ्या खिडकीवर विचारा. अपोस्टिलचा हेग करार तर अजून तिसराच, 1961 चा, नाव सारखं म्हणून आमचा कितीतरी दिवस घोळ झाला.

वर नातेवाईक सांगतात, कागदच तो, होईल हळूहळू. अरे काय हळूहळू? अमेरिकेत काय झालं बघा. 2000 साली कायदा केला, 27 फेब्रुवारी 2001 पासून लागू, परदेशातून दत्तक आणलेल्या 18 वर्षांखालच्या मुलांना अटी पूर्ण झाल्या की आपोआप नागरिकत्व. पण त्या दिवशी ज्यांना 18 पूर्ण झाली होती ते सगळे बाहेर. अगदी लहानपणी आणलेली, तिथेच वाढलेली माणसं, आईबापांनी अर्ज केला नाही नाहीतर करायचा असतो हेच माहीत नव्हतं, आणि त्यातल्या काहींना मोठेपणी हद्दपार करून जन्मदेशात पाठवलं, जिथली भाषासुद्धा येत नाही. चूक कुणाची आणि भोगलं कुणी! आजही तिथे नुसतं पालकत्व घेऊन मूल आणलं असेल तर तिथल्या कोर्टात दत्तक पूर्ण होईपर्यंत ते ग्रीन कार्डवरच राहतं, आपोआप काही होत नाही. हे वाचल्यापासून मला रात्री झोप लागत नाही, खरंच सांगते.

आमच्याकडे अजून नावाचा घोळ आहेच. जन्मदाखल्यावर जुनं नाव, हुकुमात नवं, आणि भाषांतरवाल्याने आडनावात एक अक्षर जास्तीचं घातलंय, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. ते होईपर्यंत होम स्टडीची, म्हणजे आमचं घर दत्तकासाठी योग्य आहे का त्या पाहणी अहवालाची, मुदत संपली. एक कागद मिळेपर्यंत दुसरा शिळा होतो, आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो.

आज फॉर्म परत भरला तेव्हा राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मला त्या दुसऱ्या देशाचं नाव लिहावं लागलं, आणि पोरगी शेजारच्या खुर्चीवर माझ्या ओढणीचं टोक धरून झोपलेली. हात थरथरत होता माझा.

तिकडच्या कोर्टाला आत्ताच मेल टाकलाय. या वेळी प्रमाणित नकला तीन मागवल्यात, आणि त्यातली एकच स्कॅनला जाईल, पिनेसकट.