दुपदरी दोर म्हणजे दोन दोर नव्हेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

झाडावर काम करताना एकपदरी दोर (पक्क्या बांधलेल्या दोराच्या एकाच पदरावर चढणे) वापरावा की दुपदरी (फांदीवरून फिरणाऱ्या दोराच्या दोन्ही पदरांवर लटकणे), या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ती मी दोनदा वाचली. पहिल्यांदा मुद्दे शोधण्यासाठी आणि दुसऱ्यांदा, ते इतके थोडे कसे, याची खात्री करून घेण्यासाठी. "दोन दोरांची सोय असताना एका दोरावर जीव टांगणे हा शुद्ध मूर्खपणा आहे आणि व्हिडिओ पाहून शिकलेल्यांनी तो नव्या पोरांच्या गळ्यात मारू नये," असे आपण म्हणता. मतभेदाला माझी ना नाही. परंतु ज्या माणसाला आपण कधी कामावर पाहिलेले नाही, तो कुठे आणि कसा शिकला याचा निवाडा घरबसल्या करणे, हे सह्याद्रीत आयुष्य घालवल्याचे दोन वेळा नमूद करणाऱ्याला शोभत नाही.

माझी सुरुवात दुपदरी दोरानेच झाली. एकपदरी दोराची साधने इकडे सहजासहजी मिळत नव्हती, तेव्हा ब्लेक्स हिच ही सरकती गाठ मारून, १५ मीटर चढण्यासाठी ३० मीटर दोर हाताने ओढत मी पावसाळ्यापूर्वीची छाटणी वर्षानुवर्षे केली आहे. त्या पद्धतीविषयी मला तिटकारा असता तर लेखातला निम्मा भाग मी तिच्या गुणांवर खर्च केला नसता. तो भाग आपल्या नजरेतून निसटलेला दिसतो.

आता मूळ वाक्याकडे वळतो. दुपदरी पद्धतीत दोर एकच असतो. तो बेचक्यावरून पलीकडे टाकला जातो, त्याचे एक टोक हार्नेसला बांधले जाते आणि दुसऱ्या पदरावर सरकती गाठ मारून तीही त्याच हार्नेसला जोडली जाते. साधनांसह ८० किलो वजनाचा माणूस त्यावर लटकला की प्रत्येक पदरावर सुमारे ४० किलो भार येतो, आणि बहुधा यामुळेच 'एक तुटला तरी दुसरा आहे' असा समज होत असावा. प्रत्यक्षात गाठीच्या वर कोणत्याही पदराला करवत लागली, तर उरलेला पदर बेचक्यावरून सळसळत निघून येतो आणि माणूस त्याच्याबरोबर खाली. बेचकेच मोडले तर दोन्ही पदर एकदम येतात. एकपदरी दोराचेही असेच आहे. म्हणून कापणी चालू असताना, पद्धत कोणतीही असली तरी, कमरेचा लॅनयार्ड, म्हणजे आखूड दोर, खोडाभोवती घालून दुसरा स्वतंत्र आधार घ्यायचा असतो. सुरक्षितता या दुसऱ्या आधाराने वाढते, पदर मोजून वाढत नाही.

दोन दोर हवेतच, यासाठी आपण ब्रिटनचा दाखला दिला आहे, तोही आपल्याच विरुद्ध जातो. उंचीवरील कामाच्या तिथल्या २००५ च्या नियमावलीतील पाचव्या परिशिष्टात दोन स्वतंत्रपणे बांधलेले दोर सांगितले आहेत, आणि दुसऱ्या दोराने धोका वाढतो असे जोखीम तपासून दिसले, तर योग्य खबरदारी घेऊन एका दोराची मुभाही दिली आहे. स्वतंत्रपणे बांधलेले, म्हणजे दोन वेगळे अँकर (दोर ज्याला टांगतो ते आधार). एकाच बेचक्यावरून गेलेला आपला दुपदरी दोर त्या हिशेबात एकच भरतो. तिथला कामगार दोन एकपदरी दोर लावू शकतो, दोन दुपदरी लावू शकतो किंवा एकेक लावू शकतो. आपण ज्याला आधीच 'दोन दोर' म्हणता त्यावर त्याला आणखी एक दोर लावावा लागेल. एवढे वाचून मग दाखला दिला असता तर बरे झाले असते.

गैरसमजाचे मूळ रॅपलिंगमध्ये असावे, असा माझा तर्क आहे. कड्यावरून उतरताना आपण दोर दुपदरी लावतो तो खाली पोहोचल्यावर ओढून घेता यावा म्हणून. तिथे दोन्ही पदर डिसेंडरमधून (दोर आवरत खाली सोडण्याच्या साधनातून) जातात आणि दोर अँकरवर स्थिर असतो. झाडावर मात्र दुपदरी दोर दर हालचालीला बेचक्यावरून घासत फिरतो. दोर फांदीवर घासू नये म्हणून लावायचा दोन कड्यांचा पट्टा मध्ये न घालता गुलमोहरावर तासभर काम करा आणि खाली येऊन दोर हातात घ्या: सालीचा भुगा धाग्यांत शिरलेला असतो आणि फांदीवर ओला, पांढुरका चरा उमटलेला असतो. वडावर तर छाटलेल्या फांदीचा चीक दोराला लागतो आणि ती गाठ पुढे धड सरकत नाही, धड धरत नाही.

वर्षावृक्षाचा पसारा ज्याने खालून पाहिला आहे, त्याला दुसरी अडचण सांगावी लागणार नाही. दुपदरी दोरासाठी दोन्ही पदर एकाच बेचक्यावरून, मध्ये एकही डहाळी न घेता यावे लागतात, आणि वजनाची पिशवी फेकून ते साधण्यात सकाळ जाते. बुंध्याशी बांधलेला एकपदरी दोर चार फांद्यांवरून गेला तरी चालतो. अशाच एका झाडावर माझ्या सहकाऱ्याला आग्या मोहळाने घेरले, तेव्हा बुंध्याशी उभ्या असलेल्या माणसाने डिसेंडरमधून दोर सोडत त्याला खाली घेतले. त्यासाठी दोर अँकरच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे १५ मीटरला ४५ मीटर, लागतो आणि तो होता. दुपदरी दोर असता तर त्याला आणायला दुसऱ्या कोणाला तरी त्या माश्यांमध्ये चढावे लागले असते. त्या 'कोणाला तरी' मध्ये आपण स्वतःला धरता का, एवढे कळवावे.

एकपदरी दोराची साधने महाग पडतात, हा आपला मुद्दा मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. साध्या सरकत्या गाठीवर माणसाचा पूर्ण भार एका पदरावर आला की ती आवळून बसते, त्यामुळे रोप रेंच (गाठीवरचा भार हलका करणारे साधन) किंवा तशा साधनाशिवाय एकपदरी दोरावरून नीट उतरता येत नाही; शिवाय चढताना दोर पकडणारा पायाचा आणि गुडघ्याचा असेंडर आलाच. नव्याने काम सुरू करणाऱ्याने, झाड मध्यम उंचीचे आणि काम पसरट फांद्यांवरचे असेल तर, दुपदरी दोर घ्यावा, हे मी लेखात लिहिलेच होते. आपण ते माझ्याविरुद्ध का वापरले, हे कळले नाही.

बाकीचे थोडक्यात. बुंध्याशी बांधल्याने बेचक्यावर जवळपास दुप्पट भार येतो, हे खरे असून ते लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे; म्हणूनच चढण्यापूर्वी दोघांनी दोराला लटकून बेचके पारखावे, असेही तिथेच आहे. काथ्याच्या दोरावर कोयता घेऊन चढणारे गडी 'असल्या थेरांवाचून' काम करतात, या विधानावर मी काही लिहिणार नाही. त्यांच्यापैकी जे पडले, त्यांची प्रतिक्रिया कोणत्याच लेखाखाली येत नसते.

पुढचा लेख फांदीवरून आडवे चालण्याविषयी आहे आणि त्यात दुपदरी दोराची बाजू उजवी ठरणार आहे. त्यावर आपण अवश्य लिहावे. फक्त या वेळी शेवटपर्यंत वाचून मग.