"दारू, तंबाखू काही?" "नाही." पुढचा!

आज सासूबाईंचं तोंड आलंय म्हणून मिरजेला दाखवायला गेले होते. आमच्या पुढे एक आजोबा. शिकाऊ डॉक्टरनं केसपेपरवरची मान वर न करता सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "दारू, तंबाखू काही?" शेजारी सून उभी. आजोबा काय सांगणार? "छे छे." झालं, 'नाही' लिहून मोकळा. सासूबाईंना तर तेवढंही विचारलं नाही. लग्न होऊन आल्यापासून मिश्री लावतात त्या, आणि तक्रार तोंडाची! पण बाईमाणसाला कशाला विचारायचं, नाही का?

आमच्या थोरल्या काकांच्या पेपरवरही असंच 'नाही' होतं. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या रात्री घामाघूम, अंग थरथरतंय, भिंतीवर मुंग्या दिसतायत. "वय झालंय, भ्रम झालाय," म्हणून हात कॉटला बांधले. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हे होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. आधी कळलं तर औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. सकाळी मोठे डॉक्टर आमच्यावरच खेकसले, "सांगितलं का नाही?"

अहो, विचारलं कुणी?

दारूचं व्यसन ओळखायचे चार प्रश्न आहेत हो, १९७०च्या दशकापासून छापलेले. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी बोललं की राग येतो का? अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या लागते का? सुनेला जरा बाहेर बसवून, आवाज खाली घेऊन विचारायचे. काकांनी चौथ्याला मान डोलावली असती, पैजेवर सांगते.

गर्दी असते, मान्य. त्या पोराचे डोळेही जागरणानं सुजलेले होते. त्याला हे कुणी करून दाखवलंच नसणार, त्याच्यावर काय चिडायचं? आणि समजा पेशंट 'हो' म्हणाला, तर पुढे काय? व्यसन सोडवणारी केंद्रं आहेत की, साताऱ्यात 'परिवर्तन' आहे, पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. तिथं चार दिवस बसवा की या मुलांना! नर्सिंगच्या मुलींनाही. रात्री कॉटपाशी त्याच असतात, काकांचे हात बांधणारीही शिकाऊच होती, बिचारी रडकुंडीला आलेली.

माझ्या मैत्रिणींच्या यादीत मेडिकलला शिकवणाऱ्या दोघी-तिघी आहात. बायांनो, पुढच्या परीक्षेत पोटाला हात लावून दाखवायला सांगता तसं हे विचारूनही दाखवायला सांगा. आणि नापास करायचंच असेल तर यात करा.