काका गेले, आता एक्झिक्युटर कोण?

मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, नेमताना तो तुमच्याहून मोठाच बघा. तुम्ही सत्तरीचे असाल तर अठ्ठ्याहत्तरचे थोरले बंधू उत्तम. नाव एकच घाला. ‘ते हयात नसल्यास किंवा त्यांनी नकार दिल्यास अमुक’ ही ओळ चुकूनही नको, भरल्या घरात अभद्र बोलू नये. दोन नावंही नकोत. दोघांनी मिळून प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर) घेतलं आणि त्यातला एक गेला, तर दुसरा काम पुढे नेतो आणि सगळी मजाच जाते.

पुढचं मुलांवर सोडा. तोवर काका गेलेलेच असतील. मुलांनी बैठक घ्यावी, बहुमताने धाकट्याला एक्झिक्युटर करावं, स्टँपपेपरवर सह्या आणि नोटरीचा शिक्का घ्यावा. बँकेतल्या बाई तो कागद उलटसुलट बघतील, शिक्क्यावरून अंगठा फिरवतील आणि विचारतील, “कोर्टाचं काही आहे का?” त्यांच्यावर चिडू नका. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधलं कलम 222 सांगतं की प्रोबेट फक्त मृत्युपत्राने नेमलेल्यालाच मिळतं. एक्झिक्युटर नेमायचा अधिकार मयताचा, त्यात भावंडांचं मतदान येत नाही. एक्झिक्युटर उरला नसेल तर मृत्युपत्राची प्रत जोडलेली लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेचा कारभार बघण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र) मागावी लागतात आणि तो मान आधी ‘बाकी सगळं अमुकला’ असं ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचा. तो बहुधा बैठकीला आलेलाच नसतो.

काका हयात आहेत, पण “आता झेपत नाही रे” म्हणतात? एवढ्यावर निर्धास्त राहा. लेखी मागणं वाईट दिसतं. कायद्याला मात्र नकार न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सहीनिशी लेखीच लागतो (कलम 230), आणि तो एकदा दिला की काकांना पुन्हा कधीच प्रोबेट मागता येत नाही. ‘स्वीकारता की नाकारता’ अशी विचारणा कोर्टाकडूनही काढता येते. पण नात्यात तसं शोभत नाही, तीन वर्षं ताटकळणं शोभतं.

मधल्या काळात धाकट्याने भाडं गोळा करावं, दागिने वाटून टाकावेत. अशा माणसाला कायद्यात ‘स्वतःच्या चुकीने झालेला एक्झिक्युटर’ म्हणतात. अधिकार शून्य, पण मयताकडे ज्यांचं येणं आहे त्यांच्यापुढे, हाती आलेल्या मालमत्तेपुरती, जबाबदारी आहेच. अंत्यविधीची सोय, सामानाची राखण, घरच्यांची तातडीची गरज एवढ्याला सूट आहे. बांगड्या त्यात बसत नाहीत.

काकांनी प्रोबेट घेतलं आणि काम अर्धं टाकून गेले, तर फाइल त्यांच्या मुलाच्या कपाटात जाते. मुलाला वाटतं, पदही आपल्याकडेच आलं. त्याची समजूत घालू नका. उरलेल्या मालमत्तेपुरता नवा अर्ज करावा लागतो हे त्याला बँकच सांगेल.

आणि काका धडधाकट असून हिशेबच देत नसतील? कलम 301 खाली उच्च न्यायालय त्यांना काढून दुसरा नेमू शकतं. अर्जात ‘काकांची नियत फिरली’ एवढंच लिहा. प्रोबेट मिळाल्यापासून 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टात द्यायचा असतो (कलम 317), तो दिला का हे तपासण्याच्या भानगडीत पडू नका. नाहीतर अर्जात दम येईल.

शेवटी लेटर्स मंजूर होतात आणि जामीनदारासह बंधपत्र मागितलं जातं. तेव्हा बैठकीत हात वर केलेल्यांना फोन लावा.