नोटीस दोन्हीकडे लागते, वाचतं कोण?

जात-धर्म न पाहता नोंदणी पद्धतीने लग्न लावणाऱ्या विशेष विवाह कायद्यातली ३० दिवसांची जाहीर नोटीस ठेवावी की काढावी, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो. पेटला की इंग्लंडात राहणारा कुणी मराठी माणूस त्यात हमखास एक वाक्य टाकतो: ‘इथेही २८ दिवसांची नोटीस लागतेच की!’ वाक्य खरं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये रजिस्टर ऑफिसात लग्न करायचं तर किमान २८ दिवस आधी दोघांनी जातीने जाऊन नोटीस द्यावी लागते आणि ती लोकांना पाहता येईल अशी लावली जाते. मात्र हे वाक्य टाकणारा माणूस बहुतेक वेळा तिथेच थांबतो. त्या नोटिशीचं पुढे काय होतं, हे तो सांगत नाही.

मुळात ही पद्धत आली इंग्लंडातूनच. चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी वधूवरांची नावं पुकारायची, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणायचं. १७५३ च्या कायद्याने ती पक्की केली आणि वर एक खुंटी मारली: एकवीस वर्षांखालच्या मुला-मुलीच्या आईबापाने उभं राहून नकार दिला, की पुकारा रद्द. म्हणून तर जोडपी सीमा ओलांडून स्कॉटलंडच्या ग्रेटना ग्रीनला पळत. १८३६ मध्ये चर्चबाहेर लग्नाची सोय झाली, तेव्हा नोटिसा गोरगरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवल्या जात. सभ्य घरातल्या कुणाला ते रुचणार? वीस वर्षांत, १८५६ साली, ते वाचन बंद झालं. १९७० पासून सज्ञानतेचं वय अठरावर आलं आणि एकवीसपर्यंत लागणारी आईबापांची संमतीही गेली. म्हणजे इंग्रजांनी आपल्या नोटिशीचे दात एकेक करून उपटले.

आपल्याकडे उलट झालं. नोंदणी विवाहाचा १८७२ चा कायदा आला तो केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाजाच्या मंडळींच्या खटपटीतून. त्यात मेख अशी, की लग्न करणाऱ्याने ‘मी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुणीही नाही’ असं लिहून द्यायचं. कायदेपंडित हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ती अट गेली. मधल्या काळात, १९१९ साली, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नांना कायद्याची मान्यता दिली होती. डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं लग्न १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत झालं, तेही नोंदणी पद्धतीने. मग १९५४ चा विशेष विवाह कायदा आला. धर्म सोडल्याचं लिहून देण्याची अट सगळ्यांसाठीच गेली, आणि ते मोठं पाऊल होतं यात वाद नाही. पण त्याच कायद्याने १८७२ ची १४ दिवसांची मुदत ३० दिवसांवर नेली.

दुसरा बदल त्याहून वाईट आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १८७२ च्या कायद्यात हरकत घेणाऱ्यालाच दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. वकील करा, पुरावा द्या, दावा चालवा. १९५४ पासून हरकतीचा कागद विवाह अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला की पुरे, चौकशी त्याने करायची आणि ३० दिवसांत निर्णय द्यायचा. हरकत मान्य झाली तर जिल्हा न्यायालयात अपिलाची धावपळ जोडप्याने करायची, तीही पुढच्या ३० दिवसांत. हरकत खोडसाळ निघाली तर हरकतदाराकडून वसूल करता येणारी कमाल रक्कम किती? एक हजार रुपये. १८७२ मध्ये हजार, १९५४ मध्ये हजार, आजही हजार. एकोणिसाव्या शतकात या रकमेला दचकून माणूस घरी बसला असता. आज तेवढ्यात वकिलाची भेटसुद्धा होत नाही.

कायद्याच्या कलम ४ मध्ये अटी मोजक्या आहेत: दोघांपैकी कुणाचंही आधीचं लग्न टिकून नसावं, संमती देण्याइतकी मनाची स्थिती असावी, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण असावी, नातं निषिद्ध नसावं. हरकत घेता येते ती यातली एखादी अट मोडत असेल तरच. ‘जात वेगळी आहे’, ‘मुलीला फूस लावली’, ‘घरच्यांची बदनामी होते’ या हरकतीच नव्हेत. नोंदणी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही. पण बाहेर पन्नास माणसं उभी असली, की ‘चौकशी करतो, पुढच्या आठवड्यात या’ म्हणणं त्याला सोपं जातं.

सगळ्यात घात करतं ते कलम ६ चं तिसरं उपकलम. दोघांपैकी एक जण सलग ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो तिथे नोटीस देता येते. समजा पुण्यात नोकरी करणारं जोडपं पुण्यात नोटीस देतं. अर्जाच्या नमुन्यात नाव, वय, व्यवसाय, अविवाहित की घटस्फोटित, सध्याचा पत्ता आणि तो कायमचा नसेल तर कायमचा पत्ताही लिहायचा असतो. मुलीने कायमच्या पत्त्यावर लातूरकडचं गाव लिहिलं, की पुण्याच्या अधिकाऱ्याने नोटिशीची एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवायची आणि त्याने ती आपल्या फलकावर लावायची, असा कायदा आहे. पुण्याच्या फलकाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र फलकावर आडनाव आणि गाव दिसलं की संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचतो. त्यानंतरचे उरलेले दिवस ही जोडप्याने जीव मुठीत धरून काढायची मुदत असते. केरळच्या नोंदणी खात्याने तर या नोटिसा संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली होती. त्या उतरवून घेऊन आंतरधर्मीय जोडप्यांविरुद्ध फिरवल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०२० मध्ये ते थांबवावं लागलं.

आता इंग्लंडातला व्यवहार. आधी किमान सात दिवस ज्या भागात राहता तिथल्या कार्यालयात वेळ घ्यायची. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि आधीचं लग्न मोडलं असेल तर घटस्फोटाचा अंतिम आदेश न्यायचा. मग अधिकारी दोघांना वेगवेगळं बसवून विचारतो: जोडीदाराचं पूर्ण नाव काय, जन्मतारीख कोणती, काम काय करतो. कुणाला हे फाजील वाटतं. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं सर्वात कामाचं काही असेल तर हेच. जबरदस्तीने आणलेल्या मुलीला आई, मावशी, होणारा नवरा कुणीही शेजारी नसताना सरकारी माणसाशी बोलायला मिळणारी ती दहा-पंधरा मिनिटं असतात. आपल्याकडच्या कायद्यात असं एकांतात विचारण्याचं बंधन नाही. तिथे जोडपं, तीन साक्षीदार आणि टेबलापलीकडे साहेब, सगळे एकाच खोलीत.

हरकत इथे इंग्लंडातही घेता येते. पण स्वतःचं नाव-पत्ता आणि कायदेशीर कारण लेखी द्यावं लागतं, आणि हरकत पोकळ ठरली तर खर्च आणि नुकसानभरपाई दोन्ही अंगावर येतात. तिला हजार रुपयांसारखी गोठलेली मर्यादा नाही. नोटिशीत खोटी माहिती देणं हा १९११ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे फसवणूक रोखण्याचा भार फलक वाचणाऱ्या शेजाऱ्यावर नाही, सही करणाऱ्यावर आहे.

आता ‘तिकडे सगळं कसं छान’ म्हणणाऱ्यांसाठी. नोटिशीची मुदत २ मार्च २०१५ पर्यंत १५ दिवस होती. ती २८ झाली ती विवाहसंस्थेच्या काळजीने नव्हे, तर २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. व्हिसासाठी केलेली खोटी लग्नं पकडायची होती. जोडीदारांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक किंवा कायम निवासी नसेल, तर प्रकरण गृहखात्याकडे जाऊ शकतं आणि मुदत ७० दिवसांपर्यंत वाढते. त्यामुळे इथल्या मराठी मुलाने भारतीय पासपोर्टवर असलेल्या मुलीशी लग्न करायचं म्हटलं, की तो २८ दिवसांचा आदर्श त्याच्या वाट्याला येईलच असं नाही. भारतातल्या नोटिशीत जातीचा संशय शिरतो, इथल्या नोटिशीत पासपोर्टचा.

आणि घरच्यांची दहशत विमानतळावर उतरवून ठेवली जात नाही. दक्षिण आशियाई घरांतही होणाऱ्या सक्तीच्या लग्नांसाठी ब्रिटिश सरकारला २००५ मध्ये स्वतंत्र कक्ष उघडावा लागला, २००७ मध्ये दिवाणी संरक्षणाचा कायदा करावा लागला, २०१४ मध्ये सक्तीचं लग्न लावणं हा फौजदारी गुन्हा करावा लागला. न्यायालय संरक्षणाचा आदेश काढतं, पासपोर्ट जमा करायला लावू शकतं. आदेश मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होते. २७ फेब्रुवारी २०२३ पासून तर आईबापांच्या संमतीने सोळा-सतराव्या वर्षी लग्न करण्याची वाटही इंग्लंड-वेल्समध्ये बंद झाली. नोटीस निरुपद्रवी राहते ती या यंत्रणेमुळे. नुसती नोटीस दाखवून ‘इथेही आहे’ म्हणणं म्हणून अर्धवट आहे.

मायदेशी यातलं काहीच नाही असंही नाही. शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवरच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष, चोवीस तासांची मदतवाहिनी आणि सुरक्षित निवाऱ्यांचा विचार करायला सांगितलं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. मग डिसेंबर २०२२ मध्ये त्याच राज्याने आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली, आणि टीका झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द वगळून ‘आंतरधर्मीय’ तेवढा ठेवला. संरक्षण हवं का, हे विचारायला जोडप्याच्या दारी कुणी जात नाही आणि माहिती मात्र शासनाला हवी असते. हा क्रम मला पटत नाही.

नोटिशीच्या बाजूचा एक युक्तिवाद खरंच तोलून पाहावा असा आहे: पहिली बायको असताना दुसरं लग्न करणाऱ्याला नोटीस अडवते, म्हणून ती बाईच्या हिताची. हेतू चांगला आहे. पण नाशिकला राहणारी पहिली बायको ठाण्याच्या फलकावर रोज नजर ठेवून असते का? शिवाय हिंदू विवाह कायद्याने लग्न करणाऱ्या दोघा हिंदूंना अशी आगाऊ नोटीस लागतच नाही. विधी झाला की महाराष्ट्रात ९० दिवसांत नोंदणी करायची, बस्स. द्विभार्येचा धोका तिथे कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. मग महिनाभर फलकावर टांगायचं ते फक्त विशेष कायद्याने लग्न करणाऱ्यांनाच का? अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये हाच भेद बोचल्यामुळे नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या लेखी इच्छेवर सोडलं. तो निकाल उत्तर प्रदेशात बंधनकारक आहे. महाराष्ट्रातला विवाह अधिकारी त्याकडे बोट दाखवून फलक रिकामा ठेवू शकत नाही.

माझं मत विचाराल तर मुदत राहिली तरी चालेल, फलक नको. अधिकाऱ्याने कागद तपासावेत, दोघांशी वेगवेगळं बोलावं, खोट्या प्रतिज्ञेला खरी शिक्षा असावी, हरकतदाराला पुन्हा न्यायालयाची पायरी चढायला लावावी आणि ती हजाराची रक्कम उचलून न्यायालयाच्या विवेकावर सोडावी. कायमच्या पत्त्यावर प्रत पाठवणारं उपकलम तर उद्याच गेलं पाहिजे.

तोवर परदेशातून लग्नाला जाणाऱ्यांनी कॅलेंडर नीट पाहावं, कारण घोटाळा होतो तो तीन आठवड्यांच्या रजेत. दोघंही परदेशात असाल तर आधी एकाचा जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम, मग नोटिशीचे ३० दिवस, म्हणजे किमान दोन महिने. एक जण तिकडेच राहत असेल तर पहिला महिना वाचतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. भारतीय वकिलातीत लग्न लावून हा फेरा चुकेल असं समजू नका. तिथे १९६९ चा परदेशी विवाह कायदा लागतो, त्यातही नोटीस आहे, ३० दिवसांची हरकत आहे, आणि प्रसिद्धी भारतातही करायची आहे.

घरचे वडिलोपार्जित जमिनीची धमकी देत असतील तर तेही तपासून घ्या. हिंदू माणसाने विशेष कायद्याखाली अहिंदूशी लग्न केलं तर तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं कलम १९ धरतं, पण त्याचा तोवरचा वाटा बुडत नाही. त्याच्या पश्चात मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो: मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. दोघंही हिंदू असतील, जात कितीही वेगळी असो, तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर हे दोन्ही नियम लागत नाहीत आणि नेहमीचा हिंदू वारसा कायदाच चालतो.