एल्कच्या पहिल्या शिकारीला सात हजार डॉलर लागत नाहीत

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या आपल्या मराठी मंडळींत दर उन्हाळ्यात एक यादी फिरते: एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला लागणाऱ्या सामानाची. मॅग्नम (जास्त जोराच्या काडतुसाची) रायफल आणि तिच्यावरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, मिळून साडेतीन हजार डॉलर. डोंगरी कॅमो (रानाच्या रंगांत मिसळणाऱ्या) कपड्यांचा अख्खा संच दीड हजार. युरोपियन बायनॉक्युलर, कार्बन फ्रेमची सॅक, जीपीएस, असं करत बेरीज सात हजारांच्या पुढे जाते. खाली ठसक्यात लिहिलेलं असतं: ‘महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार. स्वस्तात जाल तर जनावर जखमी होऊन पळेल आणि तुम्ही गारठून मराल. परवडत नसेल तर जाऊ नका.’

यादी करणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. त्यातली एकेक वस्तू उत्तम आहे, हेही खरं. पण ही यादी एका विशिष्ट माणसाची आहे. तो पाठीवर तंबू टाकून रस्त्यापासून आठ-दहा मैल आत जातो आणि आठवडाभर तिथेच राहतो. नवखा माणूस असा जात नाही, जाऊही नये. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल हंगामात गाडीपाशी तंबू ठोकतो, पहाटे अंधारात मैल-दोन मैल चढतो आणि रात्री परत येतो. गाडीत कोरडे मोजे असतात, दोन जाड रजया असतात, स्टोव्ह असतो. आपण पुढे कुठल्या पद्धतीने शिकार करणार, हे पहिल्या वर्षी कुणालाच ठाऊक नसतं. यादी मात्र ते आपल्या वतीने ठरवून मोकळी होते.

(‘मराठी माणसाने शिकार करावी का’ हा वाद इथे नको. भारतात 1972च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथे एल्कची संख्या अडीच लाखांच्या वर आहे आणि किती मारायचे हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं.)

आता यादीतलं पहिलं वाक्य. ‘एल्क तीनशे किलोचा असतो, त्याला मॅग्नमच लागते.’ वजन बरोबर आहे. मोठा नर तीनशेच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास असते. पण .300 विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस बाजारात आलं 1963 साली. त्याआधी रॉकी पर्वतात एल्क काय म्हातारे होऊन मरत होते? थर्टी-ऑट-सिक्स 1906चं, .270 विंचेस्टर 1925चं, .308 हे 1952चं. ही तिन्ही काडतुसं आजही कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतात. कोलोरॅडोचा नियम याहून खूप खाली आहे: किमान 6 मिलिमीटर व्यासाची नळी, एल्कसाठी किमान 85 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची पसरणारी गोळी आणि 100 यार्डांवर 1000 फूट-पाउंड ऊर्जा. तितकं खाली उतरा असं मी म्हणत नाही. पण थर्टी-ऑट-सिक्सची 180 ग्रेनची गोळी 300 यार्डांवरही दीड हजार फूट-पाउंडांहून जास्त ऊर्जा बाळगून असते, आणि नवख्याने 300 यार्डांवर चाप ओढूच नये.

‘जनावर जखमी होऊन पळेल’ हा यादीतला सगळ्यात गंभीर आरोप आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. जनावर जखमी होतं ते गोळी चुकीच्या जागी बसल्याने. फुप्फुसं आणि हृदय मिळून जी जागा होते ती साधारण पोळपाटाएवढी. त्यात गोळी घालायची असेल तर चाप ओढताना अंग आखडता कामा नये, आणि अंग आखडायला लावण्यात मॅग्नमचा हात कुणी धरणार नाही. आठ पौंड वजनाच्या रायफलीत थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का साधारण 20 फूट-पाउंड, .300 मॅग्नमचा पंचवीस-तिसांच्या घरात, तर 6.5 क्रीडमूर या काडतुसाचा बारा-तेरा. रेंजवर एक प्रयोग करून पाहा. मित्राला तुमच्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादं नकली काडतूस मिसळायला सांगा. नकली आलं की नुसतं ‘खट्’ होतं, आणि नळीचं टोक चक्क दोन बोटं खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. बार उडालेला नसतो, तरी खांदा आधीच घाबरलेला असतो. मॅग्नमवाल्या भल्याभल्यांची नळी अशी झुकते.

बायकांसाठी आणखी एक अडचण आहे, ती यादीत कुठेच नाही. कारखान्यातून येणारा दस्ता मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या हाताला बेतलेला असतो. माझ्या उंचीच्या बाईला तो लांब पडतो, मान ताणावी लागते, डोळा स्कोपच्या मागे नीट बसत नाही. यावर दोन हजारांची रायफल हा उपाय नाही. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज ॲक्सिसचं आखूड दस्त्याचं मॉडेल हा उपाय आहे, आणि त्या रायफली चारशे ते सहाशे डॉलरांत येतात. वर तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा साधा, नावाजलेल्या कंपनीचा स्कोप दोन-अडीचशेत. उरलेल्या पैशांतून काडतुसं घ्या. वीस काडतुसांची पेटी साधारण चाळीस डॉलरांना पडते. पाच-सहा पेट्या उन्हाळ्यात उडवा, त्याही टेबलावर रायफल टेकवून नव्हे, तर बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने, धापा टाकत. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या त्या पोळपाटात पडतात, ते तुमचं अंतर. ते दीडशे यार्ड निघालं तर दीडशे.

‘आपल्या लोकांना व्हिसावर बंदूक मिळत नाही, म्हणून आउटफिटरच (पैसे घेऊन शिकारीची सगळी सोय करणारा) गाठावा लागतो’ असंही या यादीसोबत ऐकू येतं. हे अर्धसत्य आहे. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण वैध शिकार परवाना हा त्याच कायद्यातला अपवाद आहे. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (1 जानेवारी 1949 रोजी किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो सक्तीचा), मग परवाना, मग बंदूक, असा क्रम लावा. खरेदीनंतर कोलोरॅडोत तीन दिवस थांबावं लागतं. मित्राची बंदूक वापरणार असाल तर तात्पुरत्या वापराला सवलत आहे, पण कुठे आणि किती तास, ते नीट वाचून घ्या. आणि ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर वकिलाच्या फीचे शंभर-दोनशे डॉलर या खर्चात खुशाल धरा.

कपड्यांचं प्रकरण लवकर आटपतं. ‘कॅमोशिवाय एल्क तुम्हाला मैलावरून ओळखतो.’ रायफल हंगामात कायद्यानेच तुम्हाला कमरेच्या वर 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड घालावं लागतं, वर त्याच रंगाची टोपी. नारिंगी कॅमो त्यात धरत नाहीत. म्हणजे दीड हजारांचं कॅमो घेऊन त्यावर वीस डॉलरचं जाकीट चढवायचं! एल्कला ते नारिंगी आपल्यासारखं दिसतही नाही. लाल-नारिंगीतला फरक त्याच्या डोळ्यांना कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून जीन्स नको. ती सुती असते, हेही कारण आहेच: भिजलेलं सूत अंगावर वाळत नाही आणि उणे पाचात तेच जिवावर बेततं. ‘गारठून मराल’ हे सुती कपड्यांच्या बाबतीत शंभर टक्के खरं. पण लोकर स्वस्त आहे. थ्रिफ्ट (जुन्या वस्तूंच्या) दुकानातला आठ डॉलरचा लोकरी स्वेटर, सैन्याच्या जुन्या मालातली लोकरी पँट, आत सिंथेटिक थर्मल, वर पाऊस-बर्फ अडवणारं जाकीट, एवढं पुरतं. स्कीइंगला जात असाल तर यातलं निम्मं घरात असेल.

एल्क तुम्हाला ओळखतो तो वासावरून. चिमूटभर टाल्कम पावडर हवेत उडवा आणि ती कुठे जाते ते बघा. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर. सकाळी खालून वर जाणाऱ्याचा वास खालीच राहतो. दहा वाजल्यानंतर तीच वाट दगा देते. हे कळायला पावडरीची तीन डॉलरची डबी लागते.

जिथे पैसे मोजायचे तिथे यादी कंजूस झाली आहे. बुटांसाठी तिने ‘कुठलेही मजबूत’ एवढंच लिहिलं आहे. कमाल आहे! डेनव्हर शहरच 1609 मीटरवर आहे, आपलं कळसूबाई 1646. एल्कचा मुलूख त्याच्या दुप्पट उंचीपर्यंत जातो, आणि तिथे आडव्या उतारांवर पडलेल्या झाडांतून, दगडांतून चालायचं असतं. टाच सुटली की शिकार संपली. दोनशेचे चांगले चामडी बूट ऑगस्टच्या आधी घ्या, लोकरी मोज्यांसकट रोज घाला, सॅकमध्ये तांदळाची पोती भरून चढ चढा. बूट जुने घेऊ नका. या संपूर्ण खरेदीत जुनं घेऊ नये अशी हीच एक वस्तू.

बायनॉक्युलरबद्दल यादी म्हणते, दोन हजारांच्या खाली काच म्हणजे पैसे पाण्यात. पहाटेच्या पहिल्या दहा मिनिटांत महागडी काच जास्त दाखवते, हे मान्य. पण दाट जंगलात शंभर यार्डांपलीकडे दिसतच नाही, तिथे ती करणार काय? 10x42ची (दहा पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगांची) दोनशे डॉलरची जोडी पुष्कळ झाली. ती छातीशी बांधलेली असावी आणि बघायला सवड काढावी.

आता मांस. इथे मला त्या यादीचा खरा राग येतो. सात हजारांच्या सामानात मांसाच्या पिशव्या नाहीत, कूलर नाही, सुरीला धार लावायचा दगड नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस नव्वद किलोंच्या पुढे भरतं. एकट्याने आणायचं तर चार-पाच खेपा, म्हणून गोळी झाडण्याआधी मनात हिशोब हवा: इथून गाडी किती लांब, आणि मध्ये दरी किती?

पोट न फाडता जनावर सोडवता येतं, आणि त्याला खाटकाची पंचवीस-तीस डॉलरची पातळ, वाकणारी सुरी सर्वांत बरी. कातडं पाठीच्या कण्यावरून खाली सोलत आणायचं. पुढचा फरा नुसत्या स्नायूंवर टिकलेला असतो, त्याला सांध्याचं हाड नाही. वर उचलून धरला की सुरी आतून सरकते आणि तो मोकळा होतो. मागच्या मांडीला खुब्याचा गोळा असतो. मांडी बाहेरच्या बाजूला दाबली की सांधा उघडतो, आत पांढरी, चकचकीत शीर दिसते, ती कापली की ‘चप्’ असा आवाज होऊन तीस-पस्तीस किलोंची मांडी तुमच्या अंगावर येते. पाठीच्या दोन लांब पट्ट्या, आतले दोन फिले, मान. लिंग ओळखता येईल असा अवयव मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, तो घाईत कापू नका. तुकडे हवा खेळणाऱ्या पिशव्यांत घालून सावलीत टांगायचे. पिशव्यांचा संच चाळीस-पन्नास डॉलर. अनेक जुने शिकारी धुतलेल्या उशांचे अभ्रे वापरतात आणि त्यांचं काही अडत नाही.

सॅकला कार्बन फ्रेम नको, पण फ्रेम हवी. ट्रेकची मऊ सॅक तीस किलो ओल्या मांसाखाली खांद्यात रुतते. ॲल्युमिनियमच्या उघड्या फ्रेमची सॅक दोनशेच्या आत नवी मिळते, जुनी त्याच्या निम्म्यात.

जीपीएस यंत्राचं सांगायचं तर फोन पुरतो, नकाशे आधी उतरवून ठेवा. राज्याच्या वन्यजीव खात्याचा नकाशा फुकट आहे. खासगी जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप घ्या, कारण इथे मालकाने पाटी लावलेली नसली तरी परवानगीशिवाय शिरणं गुन्हाच. आयफोन 14 आणि त्यानंतरच्या फोनांतून उपग्रहाद्वारे मदत मागता येते. तसा फोन नसेल तर उपग्रह संदेशयंत्र भाड्याने घ्या; यात काटकसर नको.

बेरीज करा: रायफल, स्कोप, काडतुसं, बूट, बायनॉक्युलर, फ्रेम, सुरी, पिशव्या, नारिंगी जाकीट धरून सोळा-सतराशे. स्कोपसकट बंदूक उसनी मिळाली तर हजाराच्या आत. परवान्याचा फरक याहून बोलका आहे. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला नराचा परवाना आठशेच्या घरात पडतो, कोलोरॅडोच्या रहिवाशाला साठ-सत्तर डॉलरांना. नुकतेच इथे आला असाल तर सलग सहा महिने राहून रहिवासी व्हा, मग अर्ज करा. परवान्यांच्या सोडतीसाठी अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. आणि पहिल्यांदा मादीचा परवाना मागा. ती नराहून लहान, मांस कोवळं, खेपा कमी.

हो, यादीच्या तळाशी आणखी एक नोंद आहे: शिंगं भिंतीवर लावायची लाकडी फळी, दीडशे डॉलर. कोलोरॅडोत ढोबळमानाने पाचांतले चार शिकारी हंगामाअखेरी रिकाम्या हाताने परततात. फळी नंतर घेतली तरी चालेल.